ताऱ्याला लागून एक पोकळी

३ फेब्रुवारी
पीएच.डी.चं सातवं वर्ष. आजपासून रोज सहाला उठून प्रबंधाची पाच पानं. ठरलं म्हणजे ठरलं. विषय तसा सोपा: सूर्याच्या अडीचपट वजनाचा एक पोरसवदा तारा, त्याच्याभोवती वायूची आणि धुळीची तबकडी. तीस-चाळीस लाख वर्षांत वायू उडून जातो, ग्रह व्हायचे तर त्याआधीच. मला मुदत २८ तारखेपर्यंत. कमिटीला ठोस काही दाखवायचं, नाहीतर नोंदणी रद्द.

४ फेब्रुवारी, सकाळी १०.४०
उठलो. पानं शून्य. पण घाईत लिहिलेला प्रबंध काय कामाचा?

९ फेब्रुवारी
बायकोला बढती मिळतेय. शाखाप्रमुख, पण दुसऱ्या शहरात. पंधरापर्यंत कळवायचंय, तुझं इथलं नक्की काय, असं विचारत होती. भडकलोच. कुकरच्या शिट्ट्या मोजून संशोधन होतं का, म्हटलं.

१४ फेब्रुवारी
सापडलं! माझ्या मार्गदर्शक सरांनी दिलेल्या दुर्बिणीच्या नोंदींच्या फाइलमधून धुळीचा उजेड वजा केला, उरला फक्त वायूचा. आणि ताऱ्याला लागून चक्क पोकळी! तिथला वायू गेला कुठे? ग्रहाने गिळला. माझा ग्रह! बायकोला म्हटलं, बदली नाकार, बिनधास्त. नक्की ना, असं तिने दोनदा विचारलं. शंभर टक्के, म्हटलं. तिने नकार कळवून टाकला.
सरांना आधी दाखवायचं नाही. श्रेय लाटतील.

२१ फेब्रुवारी
एकूण पानं दीड. त्यातलं एक आभाराचं. ते मात्र झकास जमलंय.

२८ फेब्रुवारी
बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी एकच विचारलं, धुळीचा उजेड किती वेळा वजा केलात? एकदाच, मी ऐटीत सांगितलं. सरांनी कपाळावर हात मारला. म्हणे, ती वजाबाकी त्यांनी करूनच फाइल मला दिली होती, आणि तसं पहिल्याच वर्षी सांगितलंही होतं. ताऱ्याजवळ धूळ सगळ्यात उजळ. तिथे दोनदा वजा केलं की खड्डा पडणारच. वायू आपल्या जागी आहे. नोंदणी रद्द.

१ मार्च
बायकोला सांगितलं. तिने ऑफिसात फोन केला. ती जागा गेल्या आठवड्यातच भरली. वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.  तिने हळूच विचारलं, अगदी लहानसासुद्धा ग्रह नाही का रे?
नाही म्हटलं.