आपण म्हणजे कोण

सोमवार, ४ मार्च
मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. दवाखान्यातलं टीमवर्क मोजायचंय म्हणाले. स्कोअर बघून माझं को-ऑर्डिनेटरचं काम आणखी एक वर्ष चालू ठेवायचं की नाही, ते ठरणार. काळजी नाही. टीम मीच घडवलीय. सर्व्हेचे प्रश्न इंग्रजीत आहेत, मराठीत मीच करणार. कॉन्व्हेंटमध्ये शिकले म्हणून काय झालं, मराठी माझं माहेर आहे.

मंगळवार, ५ मार्च
भाषांतर फत्ते. 'कर्मचारी' फार कोरडं वाटलं, म्हणून सगळीकडे 'आपण' घातलं. आपण कामं वाटून घेतो. आपण एकमेकांचं ऐकतो. वाचताना शाळेतली मधली सुट्टी आठवली, डबे एकत्र करून बसायचो ती. डोळे भरून आले. नर्सला म्हटलं, आपण हे फॉर्म सगळ्यांना देऊन टाकू. तिने दिले.

गुरुवार, ७ मार्च
सर्व्हे निनावी आहे. तरी कुणाचं अडायला नको, म्हणून प्रत्येकाच्या शेजारी बसले. कंपाउंडर म्हणाला, मॅडम, जरा बाहेर बसता का, तुमच्यासमोर लिहायला जमत नाहीये. लाजाळू आहे बिचारा.

शनिवार, ९ मार्च
पाचपैकी पावणेपाच. मला ठाऊकच होतं.
नर्स मात्र तोंडावर हात धरून हसत होती. खोदून विचारलं. म्हणाली, मॅडम, तुम्ही 'आपण खोली आवरू' म्हणता तेव्हा खोली मी आवरते. 'आपण फायली लावू' म्हणता तेव्हा रिसेप्शनवाली लावते. म्हणून 'आपण' म्हणजे तुम्हाला सोडून बाकीचे, असं धरून आम्ही भरलं. कंपाउंडर म्हणाला, तुम्हाला धरायचं होतं का? मग परत भरतो की.
मी घाईघाईने नको म्हटलं. हा निव्वळ व्याकरणाचा प्रश्न आहे.

मंगळवार, १२ मार्च
मोठे डॉक्टर म्हणाले, टीम इतकी छान आपापली चालते, मग वर को-ऑर्डिनेटर कशाला? महिनाअखेरीला तुम्ही मोकळ्या.
म्हणजे मी यशस्वी झाले म्हणून जातेय. असं भाग्य कितीजणींचं असतं? नवऱ्याला हेच समजावलं. त्याने पेपर आणखी वर धरला.

शनिवार, ३० मार्च
निरोप समारंभ. माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही, म्हणून तयारी बघायला लवकर गेले. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. फुलं आली होती, केक आला होता, आधी कोण बोलणार तेही ठरलं होतं. माईक चालत होता. काही राहिलंय का, विचारलं. नर्सने हाताला धरून मधल्या खुर्चीपाशी नेलं. म्हणाली, काही नाही मॅडम, तुम्ही फक्त बसा.
बसले.