सुभेदार अजून किल्ल्यावर आहेत

२ ऑगस्ट, सकाळी
दादाला जाऊन दोन महिने झाले. वहिनीने त्याचा कॉम्प्युटर मला दिला. आत त्याचा राजेरजवाड्यांचा गेम अर्धवट पडलाय. समुद्रापलीकडचा एक किल्ला जिंकून तिथल्या सुभेदाराला त्याने स्वतःचंच नाव दिलंय. वय ६७. गेममधला प्रधान म्हणतो, किल्ला दूर, रसद पोचत नाही, सोडून द्या. रविवारपर्यंत निकाल लावतो.

५ ऑगस्ट
सोडायचा. ठरलं. सुभेदाराला जहाजाने परत आणायचं.
(दुपारी) वाटेत वादळं फार. ठेवावा. हा निव्वळ लष्करी विचार आहे.

९ ऑगस्ट
रसद पाठवली. बुडाली. राजधानीतलं अर्धं सैन्य पाठवलं. शेजारच्या राजाने लगेच दोन गावं घेतली. घेऊ दे. प्रधानाला बोलायला काय जातंय!

१३ ऑगस्ट
एक चाल म्हणजे एक वर्ष. सुभेदार ७१. नावापुढे 'प्रकृती नाजूक'. दादाने खेळ असा लावलाय की झालेली चाल मागे घेता येत नाही. तो खोकत होता तेव्हा मीच म्हणालो होतो, हवा बदलली की जाईल. डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. असो.

१४ ऑगस्ट
नवं धोरण! पुढची चालच खेळायची नाही. वर्ष संपणार नाही, कुणी मरणार नाही. कॉम्प्युटर मात्र चालूच ठेवायचा. सुभेदाराला एकटं वाटायला नको.

२१ ऑगस्ट
आठवडाभर तेच साल. राज्य स्थिर. आतल्या खोलीतून त्याचा खोकला ऐकू येतो. हल्ली गेममध्ये बारकावे फार छान करतात. हिला म्हटलं, ऐकलंस? म्हणाली, स्पीकर अजून खोक्यातच आहेत. मी म्हटलं, माहीत आहे, तुझी परीक्षा घेत होतो. जेवण गेलं नाही.

२६ ऑगस्ट, दुपारी
हिने टेबल पुसताना कीबोर्डवरून फडकं फिरवलं. साल बदललं. सुभेदार किल्ल्यावर निवर्तले. नवा सुभेदार आपोआप नेमला गेला. रयत खूश, किल्ला शाबूत. म्हणजे माझं धोरण बरोबरच होतं.
वहिनीला तेच सांगायला फोन लावला. तोंडातून निघालं, दादा गेला गं.
ती म्हणाली, हो भाऊजी, गेले. मग विचारलं, जेवलात का?
नव्हतो जेवलो.