लाल गाडीच्या डॅशबोर्डले वाळूचा शेक

बाबा, ती लाल गाडी आपल्या दुकानात आली आहे. तीच, मलाजखंडच्या खदानीतल्या इंजिनियर साहेबाची, दोन सीटची, इतकी बुटकी का आत बसलं तर जमिनीवरच बसलो असं वाटते. तुमच्या या कुशनच्या दुकानात आजवर जीप आल्या, ट्रॅक्टर आले, बसच्या सीटा आल्या, पण स्पोर्ट्स कार म्हणतात ती कधी आली नव्हती. आली त्या दिवसापासून मी हातातलं काम टाकून तिच्याभोवती चक्कर मारून राह्यली. आई म्हणते, पोरगी पागल झाली. झाली तर झाली. तुम्ही असते तर तुमचं काही वेगळं झालं असतं का? उलट तुम्ही दुकान बंद करून तिच्यातच जेवाले बसले असते.

मी शाळेत होती तेव्हा आपण मलाजखंडले गेलतो, आठवते का? साहेबाच्या बंगल्यावर सोफ्याच्या कव्हरचं माप घ्याचं होतं. मी टेपचं एक टोक धरून उभी, अन् तुमचं सारं ध्यान खिडकीबाहेर. बाहेर भर उन्हात ही गाडी उभी होती. तेव्हाही जुनीच होती, पण लाल रंग असा का डोळे दिपून जात. माप झालं तसे तुम्ही चौकीदाराले म्हणाले, भाऊ, जरा बसून पाहू का? त्यानं दार उघडून दिलं. तुम्ही चपला काढल्या, बाहेर मातीत नीट जोडून ठेवल्या, अन् मंग आत बसले. गाडीत बसाले चपला कोण काढते, मले लय हसू आलतं. चावी साहेबापाशी, म्हणून तुम्ही नुसतं स्टेअरिंग धरून बसले. मंग तुमचा हात डॅशबोर्डवर गेला अन् तिथंच थांबला. उन्हानं तो मधातून पुरीसारखा फुगलेला, दोन्ही टोकं खाली ओढलेली, सामान ठेवाच्या खणाचं झाकणही लागत नव्हतं. तितक्यात साहेब आले. रागावतील असं मले वाटलं, पण त्यांनी विचारलं, "मिस्त्री, ये ठीक होगा क्या?" तुम्ही चपलांकडे पाहत म्हणाले, "होगा साहब. थोड़ा सोचने दीजिए."

परत येताना स्कूटरवर तुम्ही किती बोलले बाबा. घरी घुम्म बसणारे तुम्ही, अन् त्या दिवशी वारा तोंडात जाऊन राह्यला तरी बोलणं थांबेना. "पाय बेटा, हे उन्हानं वाकलं. याले हिटगनची गरम हवा मारली तं एक जागा जळते अन् बाजूची तशीच राह्यते. याले वाळू पाह्यजे. तुह्या मामाच्या भट्टीवर मुरमुरे कसे भाजतात? वाळू साऱ्या दाण्याले सारखीच लागते. तशी गरम वाळूची पोटली ठेवाची, तीच शेकते अन् तीच दाबते." मी म्हटलं, जास्त तापली तं? तुम्ही म्हणाले, "चिमूटभर तांदूळ टाकून पाहाचा. दाणा फुलला का समजाचं, वाळू डॅशबोर्डसाठी जास्त झाली. निवू द्याची." अन् मंग स्वतःशीच बोलल्यासारखं, "साहेबाले मी मजुरी नाही मागणार. म्हणीन, चालू गाडीत एक चक्कर मारून आणा." साहेबांचं काही बोलावणं आलं नाही. तुम्हीही वाट पाह्यली, पण विचाराले गेले नाही. मंग तुमचा खोकला सुरू झाला, अन् मंग तुम्हीच गेले. तुमच्या त्या एका चक्करीचं मले जितकं वाईट वाटते तितकं दुसऱ्या कशाचं वाटत नाही.

आता साहेबही नाही राह्यले. चार दिवसांआधी त्यांचा मुलगा गाडी टेम्पोत टाकून घेऊन आला. डॅशबोर्ड फुगता फुगता इतका वर आला का समोरच्या काचेले खालून दाबून त्यानं ती फोडली. नवीन काच मुलानं कुठून कुठून शोधून आणली, पण हा सरळ झाल्याबिगर ती बसणार कशी? म्हणे, "ताई, दूसरा डैशबोर्ड कहीं नहीं मिलता। यही एक है। ये टूटा तो इंजन बेच दूँगा, बाकी भंगार में।" मी विचारलं, मंग नागपूरले न्यायची, माझ्याकडे काहून आणली? तो म्हणाला, "पापा बोलते थे, बालाघाट में एक कुशन वाले मिस्त्री ने कहा था, होगा।" ऐकलं का बाबा? तुमचा तो एक शब्द साहेबांनी इतकी वर्षं सांभाळून ठेवला होता. आता डॅशबोर्ड तडकला तं नुसती गाडी नव्हती जाणार, तुमचं ते "होगा" खोटं पडणार होतं. मी त्याले म्हटलं, होगा.

वाळूसाठी मी हट्टा गावाले मामाकडे गेली. मामा म्हणे, भट्टीची वाळू तुले काहाले पाह्यजे? मी म्हटलं, एका गाडीची कंबर धरली आहे, शेकाची आहे. हसला, पण चाळून दिली. आईनं जुन्या लुगड्याच्या लांब पोटल्या शिवल्या. मी नव्या काचेची खालची कड प्लायवर ठेवून पेन्सिल फिरवली अन् त्याच गोलाईचा लाकडी साचा कापला. डॅशबोर्ड उतरवला, वरचं फाटकं रेक्झिन सोललं, अन् खालचं प्लास्टिक साच्यावर ठेवलं. आई चुलीवर कढईत वाळू हलवून राह्यली, मी पोटल्या भरून राह्यली. घाई इतकी का तुमचा चिमूटभर तांदूळ मी साफ विसरली. पहिली पोटली मधातल्या फुगवट्यावर ठेवली, अन् तिच्या आतून आवाज आला, फट. मंग आणखी एक. मामाच्या चाळणीतून भट्टीतले दाणे वाळूत राहून गेलते, ते आतमध्ये फुलून राह्यले होते. आई ओरडली, "काढ ते! मुरमुरे भाजून राह्यली का त्याच्यावर?" मी पोटली अशी ओढली का वाळू साऱ्या अंगणात सांडली. प्लास्टिकवर नखाएवढी जागा चकचकीत होऊन दबली होती. तडकलं नव्हतं. मी सांडलेली वाळू गोळा कराले बसली, तं तिच्यात फुललेले दाणे सापडले. ते दाणे राह्यले नसते तं वाळू जास्त तापली हे मले काय कळणार होतं?

त्याच्यानंतर मी तुमचं ऐकलं. प्रत्येक कढईत तांदूळ टाकून पाह्यला, फुलला का थांबली, वाळू निवली का मंगच पोटली भरली. एक थंड झाली का दुसरी, आधी मधात, मंग टोकांकडे. आई म्हणे, माह्या गुडघ्याले कधी इतका शेक नाही देल्ला तू. दुपार कलली तसं ते बसाले लागलं, बाबा. हळूहळू, रुसलेलं माणूस ऐकते ना, तसं. काचेच्या कडेले लावून पाह्यलं तं कागदाची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी सरकली, कुठंच अटकली नाही. खणाचं झाकणही टक करून लागलं. ते मी कितीदा उघडलं अन् लावलं, तुमाले सांगाले लाज वाटते. मंग नवं काळं रेक्झिन ओढून सोल्युशननं चिकटवलं. ती दबलेली जागा त्याच्याखाली झाकली गेली, पण कुठं आहे ते माह्या बोटाले माहीत आहे.

काच बसली, गाडी तयार आहे. साहेबाच्या मुलानं चावी देऊन ठेवली आहे, म्हणे चला के देख लेना, कुछ बजता तो नहीं. उद्या सकाळी उन्ह चढाच्या आत मी राजेगावच्या पुलापर्यंत घेऊन जाणार आहे. आई म्हणाली, मी येऊ का बाजूले बसून? मी म्हटलं, नको आई, ती सीट देल्ली आहे. "कोणाले?" मी बाजूची सीट फडक्यानं पुसाले लागली. तिनं माह्याकडे पाह्यलं, मंग कढई घासाले घेतली अन् खाली पाहूनच म्हणाली, "मंग चपला काढूनच बसतीन ते."

हे कुठं पाठवाचं नाही, म्हणून खरं लिहून टाकते. संध्याकाळी साहेबाच्या मुलाचा फोन आलता, "ताई, ले जाऊँ क्या?" मी म्हटलं, परसों आओ, सोल्युशन गीला है. सोल्युशन तर कालच वाळलं, बाबा.