कबूतर येईपर्यंत

११ जानेवारी १९३३, पोलादपूर

कबूतर जिंकलं! आता हे कुणाला सांगू?

दोन हिवाळे देवी टोचत वाड्या-वाड्या फिरलो. पोरांचे दंड धरता धरता मोठ्यांना एकच विचारलं— इथं कुणाच्या अंगावरून वारं गेलं? पुढं काय झालं? लोक हसले मला. आज बेरीज केली. काळ्या कबुतराच्या रक्तानं चोळलेले अठरा. त्यांतले दहा उठून चालायला लागले. न चोळलेले पंचवीस, उठले पाचच! या चोळण्याला मी अडाणीपणा म्हणत आलो. चांगली थोबाडीत बसली.

आक्का भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "लोकांची मरणं मोजतोस रे सयाजी. डब्यात तांदूळ किती हायत ते मोज की कधी!" आईच्या मागं हिनंच मला वाढवलं, तेव्हा बोलायचा तिला हक्क आहे. आणि तो हक्क ती एक दिवस वाया घालवत नाही.

१३ जानेवारी

महाडला डॉक्टरांना आकडे दाखवले. रकाने पाडून मोजायला त्यांनीच शिकवलं होतं. बोट फिरवत दोन्ही बेरजा पुन्हा करून पाहिल्या. मग म्हणाले, "आकडे खोटे नाहीत. पण कुठंतरी पाणी मुरतंय." कुठं, ते त्यांनाही सांगता येईना! चिडून परत आलो.

१७ जानेवारी

सापडलं!

डोंगरावरच्या वाडीत धोंडूबाईकडे ताक प्यायला थांबलो. तिचा नवरा माझ्या न चोळलेल्यांत आहे. सहज विचारलं, का नाही चोळलं? म्हातारी उसळलीच— "न चोळायला काय झालं? आमचा पांडू गेलाच हुता दासगावला कबूतर आनायला. रानातलं चालत नाय, पाळलेलं काळंच लागतं. तो येईस्तवर म्हातारा गार पडला!"

उतरताना वाटेतच एका दगडावर बसलो. म्हणजे चोळतात कुणाला? कबूतर येईपर्यंत जो जगला त्याला! आधीच गेला तो आपोआप दुसऱ्या रकान्यात. आणि या वाड्यांवरून दासगावला जाऊन कबूतर आणायला दोन दिवस जातातच. कोण कधी गेला हे लिहून ठेवलं होतं म्हणून बरं. त्या पंचवीसांतले सोळा पहिल्या दोन दिवसांतच गेलेले. ते वगळले तर उरतात नऊ, आणि उठले पाच. अठरात दहा, नवात पाच— अगदी सारखं! कबूतर काही करत नाही. जो दोन दिवस तगतो त्याला निम्म्याहून थोडी जास्त आशा, मग रक्त लावा नाहीतर लावू नका.

घरी पळतच आलो. आक्काला सगळं सांगितलं. "म्हंजे कबूतर सुटलं बिचारं," एवढंच म्हणाली, आणि पुढ्यात ताट सरकवलं.

१८ जानेवारी

दुपारी पाणी भरताना आक्काच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. बोलत नाही.

१९ जानेवारी

नुसतं "अ... अ..." करते. आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोलणारी माझी आक्का! डाव्या हातानं माझा सदरा चाचपत राहते. काहीतरी हवंय. पाणी दिलं, नको. उशी बदलली, नको. कळतच नाही मला!

डॉक्टर येऊन गेले. वाट बघायची, म्हणाले. दुसरं काही नाही.

दोन दिवस निघाले की निम्मी आशा— हे मीच शोधून काढलं. पण ते दोन दिवस काढायचे कसे, ते माझ्या एकाही रकान्यात नाही. आणि निम्मी म्हणजे काय? ही काय निम्मी उठणार आहे? माणूस एकच आहे इथं.

माझी बायको आवडी सकाळपासून मागं लागली— कबूतर आणा. तिला सगळं समजावलं. सगळे आकडे सांगितले. ऐकून घेतलं शांतपणे. मग म्हणाली, "तुमचंच खरं असंल. पन उद्या काय झालं तर मी माज्या मनाला काय सांगू?"

संध्याकाळी शेजारच्या गोमाजीला दासगावला पाठवला. मीच. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

२० जानेवारी

आक्का गेली. सकाळीच.

गोमाजी दिवेलागणीला पिंजरा घेऊन आला. तोवर आम्ही नदीवरून परतलो होतो. ओटीवर बायका बोलत होत्या— "एक दिस आधी धाडला असता तर..." आवडीनं त्यांना काही म्हटलं नाही. मलाही नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

कुणाकुणाला सांगू, की काही फरक पडला नसता? सांगताना माझाच आवाज मला खोटा वाटेल.

न चोळलेले आता सव्वीस.

२१ जानेवारी

बिरवाडीचा भैरू आला. सुतकाचं घर, तरी आला. बापाच्या अंगावरून वारं जाऊन तीन दिवस झाले, म्हातारा अजून धरून आहे. कबूतर आहे का, विचारत होता.

पिंजरा दिला.

"नीट चोळ रे," मीच म्हणालो.