ओ'हेहिरांची रडणारी

९ नोव्हेंबर १९५१, शुक्रवार

ओनोरा आत्या आली. एनिसहून, बसनं, काळा झगा बॅगेत घालूनच! अगं, तुझ्या भावाचा श्वास चालू आहे अजून. डॉक्टर आठवडा म्हणालेत. बाबांना पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि स्वयंपाकघरात खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली. बॅनशीची, त्या रडणाऱ्या भुताची, वाट बघत. ओ'हेहिरांच्या घरातलं कुणी जाणार असलं की ती येऊन रडते, आणि ते रडणं फक्त ओ'हेहिरांच्या रक्तालाच ऐकू येतं. आजोबांच्या वेळची गोष्ट पुन्हा सांगून झाली – चौदा वर्षांचे बाबा पांढरेफटक पडून गोठ्यातून धावत आले ती. मला तोंडपाठ आहे. वर आईला म्हणाली, तुला नाही हं ऐकू यायचं, डेलिया, तू बाहेरची. एकतीस वर्षं झाली लग्नाला, अजून बाहेरची!

११ नोव्हेंबर

माझा भाऊ मलाखी लिव्हरपूलहून पोचला. जाडा झालाय. बाबांच्या उशाशी बसून रडला, मग चार अंडी खाल्ली. आत्या म्हणाली, अगदी बापाची प्रतिकृती. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या लहानपणापासून अशीच बघते – हिचं नाक कुणावर गेलंय कोण जाणे! आई लग्नाआधी गॉलवेला हॉटेलात कामाला होती आणि मी लग्नानंतर सातव्या महिन्यात झाले. गावात बोटं मोजता सगळ्यांनाच येतात. मी कधी विचारलं नाही. बाबा 'माझी उना' म्हणतात, तेवढ्यावर माझं भागत होतं.

१३ नोव्हेंबर

आली.

दुपारचे चार, उजेड होता अजून. मी, आत्या आणि मलाखी बटाटे सोलत होतो. आत्याच्या हातातली सुरी खाली पडली. मलाखीनं छातीवर क्रूस काढला. नाटक नव्हतं ते – माझा भाऊ मला कळतो. मी कान दिला. वारा. शेजारच्या टाल्टींचा कुत्रा. चुलीवरची किटली. बास.

"ऐकलंस?" आत्यानं विचारलं.

हो म्हणायला काय जात होतं माझं! पण तोंडातून 'नाही' निघून गेलं.

"वाटलंच होतं मला," म्हणाली, आणि सुरी उचलून पुसली.

आई सूपचा वाडगा घेऊन बाबांच्या खोलीच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. आत वळली. मलाखी बटाट्याकडे बघत बसला.

१४ नोव्हेंबर

आईला विचारता येत नाही. विचारलं तर ती उत्तर देईल.

१५ नोव्हेंबर

टाल्टींच्या दुकानात तंबाखू आणायला गेले. बाबा गेल्यावर माणसं जमतील, त्यांना पाईप भरून द्यायला लागतील. मी आत शिरले आणि बोलणं थांबलं. आत्या सकाळीच येऊन गेली होती. मिसेस टाल्टी नेहमी 'तुझे बाबा कसे आहेत' विचारते. आज बाबांचं नाव घेऊन म्हणाली, टर्लॉ कसा आहे? मी उगाच मनाला लावून घेतेय का? नाही.

घरी आले तर आत्या मलाखीला सांगत होती, शवपेटीमागं पहिला तू चालायचं, मग मी. माझं नावच नाही! मीच बाबांची तीन वर्षं दाढी करते, मीच कूस बदलते. रडायला परसात गेले.

१६ नोव्हेंबर

बाबांना चमच्यानं चहा पाजत होते. आई कोंबड्यांकडे गेलेली. राहवलं नाही, सांगून टाकलं – बाबा, मला ऐकू आलं नाही.

ते इतके हसले की चहा उशीवर सांडला.

"मी तरी कुठं ऐकलं कधी," म्हणाले.

आजोबांच्या वेळी ते गोठ्यात चोरून आजोबांचाच पाईप ओढत होते म्हणे. पांढरेफटक पडले ते तंबाखूनं! घरात आले तर सगळे गुडघ्यांवर, प्रार्थनेला. ऐकलंस का म्हणून विचारलं, हो म्हणाले. सहा वर्षांच्या ओनोराला तर त्यांनीच झोपेतून उठवून सांगितलं, तूही ऐकलंस म्हणून. माझं मनगट घट्ट धरलं.

"बापावर गेलीस तू."

हसता हसता मला रडू आलं. किती हलकं वाटलं काय सांगू! आणि तो वेडा मलाखी, आत्याचं बघून भ्याला.

१७ नोव्हेंबर

गेले. सकाळी सातला. हात माझ्या हातात होता.

१९ नोव्हेंबर

पुरून आलो. शवपेटीमागं मी मलाखीच्या बरोबरीनं पहिली चालले. आत्यानं तोंड उघडलं तशी मी तिच्याकडे नुसतं बघितलं. मागं सरकली. उद्या सगळे जेवायला आहेत. सगळ्यांसमोर ती पाईपची गोष्ट सांगणार आहे मी. तिचं तोंड बघायचंय मला.

२० नोव्हेंबर

पाईपची गोष्ट आधी आईला सांगितली. ती भांडी पुसत होती, थांबली. म्हणाली, नको सांगूस, ओनोरा खोटं बोलत नाही. आत्याची सुरी पडली त्या दिवशी आई सूप घेऊन आत गेली तेव्हा बाबा उठून बसले होते, दोन्ही हात कानांवर घट्ट. ती आलीय म्हणाले. मग विचारलं, उनानं ऐकलं?

आई नाही म्हणाली.

बाबांनी कानांवरचे हात काढले. मग म्हणाले, "मग मीही नाही ऐकलं."