एकाच बाकावर

बिबवेवाडी, रविवार

प्रिय तेजस्विनी,

त्या संध्याकाळी चौकीत तुझ्या खुर्चीत मी असते, तर योगेशला सोडलं असतं का? किती दिवस स्वतःला विचारते आहे. 'नाही' म्हणावंसं वाटतं, पण सख्खा भाऊ समोर असताना मी ठाम राहिले असते, याची खात्री देववत नाही.

आमच्या वस्तीतली रीत तू पाहिलीच आहेस. पोरं पकडली गेली की आमच्या पुढाऱ्यांचा, हिंमतरावांचा, चौकीत फोन जातो, पोरं चहा पिऊन घरी येतात आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्या सभेच्या सतरंज्या उचलतात. योगेशचंही तेच व्हायचं होतं. पण निवडणुकीच्या बॅनरच्या जागेवरून मारामारी झाली आणि तू दोन्ही पक्षांची पोरं चौकीत आणून एकाआड एक, एकाच बाकावर बसवलीस. मी धापा टाकत पोचले, तर योगेशच्या कपाळाला पट्टी, शेजारी ज्याच्याशी तो भांडला तो दीनानाथ, आणि दोघांच्या हातात एकाच पुडक्यातला वडापाव. मी 'तेजू' म्हणत आत शिरले. तू मान वर केलीस. "ताई, आपण बाहेर बसा. नावं लिहून होईपर्यंत इथे कुणी कुणाचं नाही."

दोन वर्षं माझ्या ताटात जेवून फौजदारकीचा अभ्यास केलेली तू मला 'आपण' म्हणालीस. बाहेर पायरीवर मला रडूच आलं. मग हिंमतराव आले, हसत. आमची पोरं तेवढी सोडा, म्हणाले. तू त्यांना खुर्ची दिलीस, पाणी दिलंस आणि म्हणालीस, "साहेब, बाक एकच आहे. उठतील तर सगळे, आणि सुटतील ते कोर्टातून."

घरी बाबा चिडले. "आपल्या घरचं जेवली, अन् आपल्याच पोराले वळखलं नाई?" आईने तुझा पेला फडताळात मागे सरकवला.

पण योगेश जामिनावर सुटला तो कुणाचा मिंधा न होता. हिंमतरावांचा निरोप आला तेव्हा 'काम आहे' म्हणाला, आणि खरंच होतं. दीनानाथच्या मामाच्या सायबर कॅफेत तो कॉम्प्युटर जोडायला शिकतो आहे. कोर्टाच्या तारखेला दोघं एकाच स्कूटरवर जातात. बाबा ते पाहून मान हलवतात, पण परवा आईने तुझा पेला पुढे काढला.

कंपनीत आम्ही परदेशी बँकेचे प्रोग्रॅम तपासतो. नाव कुणाचंही घाला, उत्तर एकच यायला हवं, नाहीतर प्रोग्रॅम नापास. मशीनला यात काहीच सोसावं लागत नाही. आपल्या पन्नाशीच्या लोकशाहीत मात्र ते तुझ्यासारख्या माणसालाच करावं लागतं, मैत्रिणीला पायरीवर रडत ठेवून. त्याबद्दल तुझे आभार कसे मानू?

आता जे सांगायला बसले ते. हिंमतराव निवडून आले आणि त्यांनी तुझ्याविरुद्ध अर्ज केला: तू विरोधकांची बाजू घेतलीस, योगेशचं कपाळ तुझ्या काठीने फुटलं. तुझी चौकशी लागल्याचं मला त्यांच्याच माणसाकडून कळलं. तो आमची साक्ष मागायला आला होता. योगेशला महापालिकेत चिकटवतो, असं बाबांना म्हणाला. बाबा माझ्याकडे बघत राहिले, पण 'हो' म्हणाले नाहीत. साक्ष तू पढवलीस असं कुणी म्हणू नये, म्हणून तुला मी मुद्दाम फोन केला नाही. परवा रजा टाकून योगेशला घेऊन पोलीस आयुक्तालयात गेले. कपाळ हिंमतरावांच्याच बॅनरच्या बांबूने फुटलं, हे त्याने सांगितलं. बाकावर कोण कुणाशेजारी होतं, ते मी सांगितलं. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, फौजदार तुमच्या कोण? म्हटलं, मैत्रीण, त्या संध्याकाळी मात्र माझी कुणीच नव्हती. दोघांचे जबाब वाचून, सह्या करून आलो.

तुझीच, एका ताटातली,
श्रद्धा