आकुएलेच्या पाठीवरची आकोको

आनेहो, टोगो
४ नोव्हेंबर १९९६

ती. आई आणि सौ. बिरागोताई यांस,
पोकुआचा शि. सा. न.

आम्ही सुखरूप पोचलो. ताई, आईला हे सगळं वाचून दाखव, पण येबोआवर हसायची जागा आली की थोडी थांबून वाच, म्हणजे तिला मनसोक्त हसता येईल. इतकी वर्षं कुमासीच्या शाळेत पोरांना फ्रेंच शिकवणारा तुमचा जावई इथल्या मासळीबाजारात उभा राहून अस्खलित फ्रेंचमध्ये भाव करू लागला. कोळणीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारणीला मिना भाषेत विचारलं की ह्या गृहस्थांना बरं वाटत नाहीये का. इथं शाळा आणि कचेऱ्या फ्रेंचमध्ये चालतात, पोट मात्र मिनावर चालतं. शेवटी मी बोटांनी भाव केला.

गाव समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. वाटेत भेटलेला माणूस घरातल्या एकेकाची खुशाली विचारल्याखेरीज हलत नाही. सकाळी पावाला गेलं की दुपारी परत यायचं, असा हिशेब धरावा लागतो.

आता दत्तक घ्यायच्या मुलीबद्दल. तिचं नाव आकुएले. वय पाचाच्या आसपास, कपाळ मोठं, नजर थेट. बालगृहाच्या सिस्टर व्हिक्टोआरनी तिला आमच्यासमोर आणलं तेव्हा, स्टँडवर उभं राहून दुसऱ्या गावाची बस बघावी तशी ती आमच्याकडे बघत होती. पाठीला फडक्यात एक बाहुली बांधलेली. जेवताना मक्याच्या उकडीचा गोळा तोडला, भाजीत बुडवला, आधी पाठीमागे बाहुलीच्या तोंडाशी नेला, मग स्वतः खाल्ला. मला हसू आलं, तशी ती पान उचलून लांब जाऊन बसली.

आई, माझ्याशी ती अजून एक शब्द बोललेली नाही. पण आज मी अंगणात बसले होते, तर माझी सावली जिथं संपते तिथं येऊन ती खेळत होती. तेवढ्यावरही मी खूश आहे. प्रार्थनेत आमची आठवण राहू द्या.

तुमची,
पोकुआ


क्वादासो, कुमासी
१५ नोव्हेंबर १९९६

चि. पोकुआ हिस,
आईचे अ. आ.

(आई सांगते आहे, मी लिहिते आहे. कंसातलं माझं. – बिरागो)

तुझं पत्र बसच्या ड्रायव्हरनं घरी आणून दिलं. जावईबापूंचं ऐकून मी फार हसले नाही. (डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.) त्यांना म्हणावं, भाव करायला बायको नेली आहे ना, मग गप्प उभं राहावं.

मुलगी बोलत नाही म्हणून काळजी करू नको. तू स्वतः तिसरं वर्ष सरेपर्यंत बोलली नव्हतीस, आणि त्यानंतर थांबलेली नाहीस.

माझी काळजी वेगळी आहे. आपल्यात मूल आईच्या कुळाचं. आपण आसोना कुळाचे, कारण माझी आई आसोना होती. ही पोर कुणाची? उद्या तिच्या सुखदुःखात कोण उभं राहणार? तुझ्या मामांना मी विचारलं. ते कुळाचे वडीलधारे, त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, पोर आधी डोळ्यांसमोर येऊ दे. म्हणजे नाही म्हणाले नाहीत. तू तिच्या घरच्यांची नीट चौकशी कर. चर्चच्या महिला मंडळात मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. (सगळ्यांना सांगितलं आहे. पोरीसाठी झगाही शिवून घेतला आहे, मापाचा पत्ता नसताना.)

वेळेवर जेवत जा. समुद्राच्या वाऱ्यात डोकं झाकत जा.

तुझी वाट बघणारी,
आई


आनेहो
२६ नोव्हेंबर १९९६

ती. आईस,
पोकुआचा शि. सा. न.

तू चौकशी करायला सांगितलीस, ती केली. त्यातून जे निघालं ते लिहायला दोन दिवस धीर होत नव्हता.

आकुएलेचे आईवडील गेले. तिला वाढवलं ते वडिलांच्या आत्येनं, तासी कायी हिनं. तासी म्हणजे आत्याबाई, आणि ह्या लोकांत आत्याबाईचा शब्द आपल्याकडच्या मामाइतकाच वजनदार. आयुष्यभर मासळी धुरावर वाळवून विकली, धुरानं आणि वयानं आता डोळे गेले. पोर खाडीकडे धावली तर दिसणार नाही, म्हणून तिनंच तिला बालगृहात आणून सोडलं. आम्ही तिच्या घरी गेलो. बालगृहातली धुणंवाली देला बरोबर होती. ती पुष्कळ वर्षं आपल्याकडे अक्राला कामाला होती, आपली भाषा तिला छान येते.

आई, ती पाठीवरची बाहुली नाही. आकुएले जुळ्यातली. तिची बहीण आकोको गोवरानं गेली, दोघी दोन वर्षांच्या असताना. (आकोको! आपल्या भाषेत कोंबडी! मी ऐकलं तेव्हा अशी चमकले की तासीला वाटलं मला विंचू चावला.) इथली रीत अशी की जुळ्यातलं एक गेलं तर त्याची लाकडी मूर्ती करतात, वीतभर उंचीची. तिला आंघोळ घालायची, कपडे घालायचे, भरवायचं. तिची आबाळ झाली तर ती मागे राहिलेल्या बहिणीला बोलावून घेते, असं हे लोक मानतात.

तासीच्या अंगठ्याशिवाय न्यायाधीश मूल देणार नाहीत. आणि तासीनं साफ सांगितलं की मी एक पोर देत नाहीये, दोन देते आहे. एकीला नेऊन दुसरीला टाकणार असाल तर चहा घ्या आणि या.

सिस्टर म्हणाल्या, आत्ता हो म्हणा, कुमासीत गेल्यावर मूर्ती कुठंतरी ठेवून द्या, मूल विसरेल. करून बघू म्हणून त्यांनी ती काढून कपाटात ठेवली. त्या क्षणापासून आकुएलेनं अन्न सोडलं आहे. रडत नाही, मागत नाही. कपाटासमोर जमिनीवर बसून आहे, अंगात कणकण आहे. सिस्टर वाईट बाई नाहीत, त्याही घाबरल्या आहेत.

मी काय करू? तुझ्या घरी लहानाची मोठी झाले, मूर्तीपुढं घास ठेवणारी मी नव्हे. पण एका आंधळ्या म्हातारीला खोटं बोलून तिची पोर घरी न्यायची, हेही तू मला शिकवलेलं नाहीस. लवकर कळव.

तुझी,
पोकुआ


क्वादासो
५ डिसेंबर १९९६

पोकुआस आशीर्वाद.

माझ्या घरात लाकडाचा देव येणार नाही. मी महिला मंडळाची अध्यक्ष आहे, दर गुरुवारी बायकांना सांगते की जुनं सोडा. आणि माझ्याच नातीच्या पाठीवर ते? तू सुशिक्षित आहेस. मूल लहान आहे, रडेल आणि विसरेल. माझ्या डोळ्यांदेखत तू किती रडलीस आणि विसरलीस. ते जमत नसेल तर तशीच परत ये. देवानं दुसरं काही योजलं असेल.

आई

(ताईच्या दोन ओळी. आईनं हे उभ्याउभ्या सांगितलं, बसली नाही. सही झाल्यावर मला विचारलं की पोरीची कणकण उतरली असेल का. मी म्हटलं, पत्रात विचारू का? तर नको म्हणाली. तुला योग्य वाटेल ते कर. मी आहे. – बिरागो)


आनेहो
१४ डिसेंबर १९९६

ती. आईस आणि ताईस,
शि. सा. न.

आई, तुझं पत्र मिळालं. पण ते मिळायच्या आधीच मी करून बसले होते. तू आधी रागाव, मग पुढचं वाचून घे.

मागचं पत्र ड्रायव्हरच्या हाती दिलं आणि परत आले. पोर तशीच कपाटासमोर बसलेली, ओठ सुकलेले. मी सिस्टरांकडून किल्ली मागून घेतली. मूर्ती बाहेर काढली, तिच्या हातात दिली नाही. अंगणात टोपात पाणी घेतलं आणि तिच्यादेखत त्या मूर्तीला आंघोळ घालू लागले. मला काही येत नव्हतं. मनात तुझाच चेहरा होता. आकुएले उठून आली, पाण्यात बोट घातलं आणि माझ्यावर अशी डाफरली की देला हसून खालीच बसली. मी विचारलं, काय म्हणाली? तर म्हणाली होती की पाणी गार आहे, ह्या बाईला आई नव्हती का शिकवायला!

हा तिचा माझ्याशी पहिला शब्द. तुझाच उद्धार झाला, पण मला इतका आनंद कधी झाला नव्हता. पाणी ऊन केलं. संध्याकाळी ती माशाचं आख्खं डोकं जेवली, आकोकोच्या नावानं दुसरंही मागून जेवली. तासीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आकोकोला दातच आले नव्हते धड. ही लबाड आहे, लक्षात ठेवा.

मग मी तासीसमोर बसून खरं ते सांगितलं. म्हटलं, तुम्ही मानता ते मी मानत नाही, मानते असं खोटं सांगणार नाही. पण जोवर आकुएलेला तिची बहीण हवी आहे तोवर तिला कुणी हात लावणार नाही, आणि नको झाली तर मी स्वतः आणून तुमच्या हातात देईन. तासीनं माझा चेहरा चाचपून पाहिला, नाक, हनुवटी, सगळं. म्हणाली की जी बाई एवढं सरळ बोलते ती पोरीला उपाशी ठेवणार नाही. परवा तिनं न्यायाधीशांसमोर अंगठा दिला.

आम्ही तिघं, तासीच्या मोजणीनं चौघं, नाताळच्या आधी पोचतो आहोत. तू दार उघडलं नाहीस तर ओट्यावर बसू. पण येऊ.

तुझीच हट्टी,
पोकुआ


क्वादासो, कुमासी
२० जानेवारी १९९७

आनेहो येथील तासी कायी यांस,
अफ्राकोमाचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपली ओळख नाही. मी पोकुआची आई. मी सांगते आहे, थोरली मुलगी लिहिते आहे, जावईबापू ते फ्रेंचमध्ये उतरवतील आणि सिस्टर तुम्हाला मिनात वाचून दाखवतील. वाटेत काही गळता कामा नये, अशी सगळ्यांना ताकीद दिली आहे.

आधी खरं ते सांगते. मी त्यांना घ्यायला स्टँडवर गेले नाही. त्यांच्या घरीही गेले नाही. रविवारी चर्च सुटल्यावर मंडळाच्या बायका माझ्या पडवीत बसल्या होत्या, तेव्हा ती तिघंच इकडे आली. पोरीनं एकेकीला गुडघा वाकवून नमस्कार केला, सर्वांत म्हातारीला सर्वांत जास्त वेळ. वळण तुमचं. चांगलं आहे. मग तिला परसात जायची घाई झाली. तिनं पाठीवरचं सोडलं, पडवीतल्या सगळ्या मांड्या बघून घेतल्या आणि ते लाकूड माझ्या मांडीवर ठेवून पळाली.

मी ते खाली ठेवायला उचललं. खाली लाल माती. पोर पळता पळता मागे वळून बघत होती. मला खाली ठेववेना. आमच्या खजिनदारबाईंनी विचारलं, अफ्राकोमा, मांडीवर हे काय? मी म्हटलं, नातीनं धरायला दिलं आहे, तुम्हाला आणखी काही विचारायचं आहे का? त्यांना नव्हतं. (त्या दिवशी खजिनदारबाई सरबत न घेता गेल्या. – बिरागो)

माझं मत बदललेलं नाही. लाकूड ते लाकूड. त्याच्यापुढं माझ्या घरात पान मांडलं जाणार नाही, हे पोकुआला सांगितलं आहे. पोर स्वतःच्या पानातला घास कुणाला दाखवते हे मी बघत बसत नाही. वाढताना भात थोडा जास्त वाढते, वाढत्या अंगाची आहे.

गेल्या शनिवारी माझ्या भावानं तिला कुळात घेतलं. आमच्यात मुलाच्या जिभेवर आधी पाणी टेकवतात, मग दारू. पाण्याला पाणी म्हणायचं आणि दारूला दारू, आयुष्यभर खरं बोलावं म्हणून. दारू लागल्यावर तिनं असं तोंड केलं की सगळी सभा हसली. भावानं विचारलं, नाव काय? तिनं दोन नावं सांगितली. भाऊ म्हातारा आहे, सावकाश विचार करतो. मग म्हणाला, जुळी मुलं आमच्याकडेही भाग्याची मानतात, आणि पुन्हा पाण्यात बोट बुडवलं. पुढं काय केलं ते मी पाहिलं नाही, तोंड फिरवलं होतं. (पाहिलं. – बिरागो)

तेव्हा आता ती आमची आहे. तुमची होती, ती आहेच. ईस्टरला तुम्ही इकडे या. देला तुम्हाला घेऊन येईल, जावईबापू सीमेवर येऊन थांबतील. माझ्या खोलीत दुसरी खाट आहे. येताना तुमची मासळी आणा, इथल्या बाजारात मिळते ती नुसती वाळूच. लाकडाबद्दल मला भांडायचं आहे, आणि ते पत्रातून नीट जमत नाही.

एक विचारायचं राहिलं. दुपारी ती माझ्याजवळ निजते आणि झोपेत मोठ्यानं हसते. घाबरून नाही, कुणी गंमत सांगावी तशी. मी उठून बसते. हे तिच्या आईवर गेलं आहे का? पोकुआला ठाऊक नाही, सिस्टरांनाही नाही. तुम्हाला असणार. आणि त्या सुनेचं नाव काय होतं तेही कळवा. रोज संध्याकाळी मी घरच्यांची नावं घेऊन प्रार्थना करते. पोरीच्या नावापाशी आले की मला थांबावं लागतं, कारण तिच्या आधी तिच्या आईचं नाव यायला हवं.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
तुमची विहीण म्हणा, बहीण म्हणा,
अफ्राकोमा